गाडीवाली वंदना

वंदे,

तुझ्या मातीला एवढी माणसं आली, याचासुद्धा मला हेवा वाटला.

हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुला सांगायला हरकत नाही, कारण माझा हेवा तुला माझ्या चेहऱ्यावरून वाचता यायचा आणि तू त्याला कधी नाव ठेवलं नाहीस. मातीच्या आदल्या दिवशी दुपारी तू अकोल्याच्या दवाखान्यात डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला अंगणात ठेवलेलं असताना दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. त्यातून करड्या युनिफॉर्ममधल्या बारा-तेरा बाया उतरल्या, रात्रभराच्या प्रवासानं डोळे सुजलेल्या. अनसिंगच्या बायका रिवाजाप्रमाणं दारातूनच मागं फिरल्या. या मात्र तुझ्या मागं चालत शेवटपर्यंत गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

मी तुझ्या आईला, काकूंना, धरून उभी होते आणि माझ्या मनात काय यावं? 'बघा, कंपनीनं माणसं पाठवली. गाड्या दिल्या. मी गेले तर कोण येईल? शेलूबाजारच्या वर्कशॉपची चार गिऱ्हाइकं.' तुझी आई माझ्या खांद्यावर रडत होती, आणि मी हे मोजत होते.

आज तुझा अकरावा दिवस. काल दहावा झाला. तुझ्या भावानं पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, पोरीची काही इच्छा राहिली नव्हती. मला ते पटलं नाही. तुझं-माझं भांडण अर्धवट होतं, ते सोडून तू इतकी निवांत कशी गेलीस?

आपलं भांडण म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना हसू येईल. दोन बाया अठरा वर्षं भांडल्या, आणि कशावरून, तर सरकारनं गाड्यांच्या कारखान्याला मदत करावी की नाही यावरून. ना शेताचा बांध, ना नवरा, ना दागिना. माझी आई म्हणायची, "तुमाले दुसरा विषय नाई काय व?" नव्हता. खरं सांगायचं तर विषय वेगळाच होता, पण तो आपण दोघींनीही कधी उघडला नाही.

वाशिमला आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आपण दोघीच मुली. अनसिंगहून सकाळच्या एस.टी.नं जायचो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. माझा हात चांगला होता, हे तूही मान्य करायचीस. फायलिंगच्या, म्हणजे लोखंड घासायच्या जॉबवर सर माझा तुकडा उचलून सगळ्या पोरांना दाखवायचे. तुझा तुकडा ते नुसता बाजूला ठेवायचे. तू माझ्याकडून कानस कशी धरायची ते शिकलीस. वजन कुठल्या पायावर ठेवायचं, श्वास कधी सोडायचा, सगळं. आणि बोलायला मात्र तू. सरांशी, कंडक्टरशी, कॅन्टीनवाल्याशी.

मग ती कंपनी आली. आपल्या देशाची स्वतःची गाडी बनवणार, असं पेपरात येत होतं. पुण्याकडं कारखाना, सरकारनं स्वस्तात जमीन दिलेली, विजेत सवलत, भरलेला कर काही वर्षं परत. त्याच्या बदल्यात अट एवढीच, की राज्यातल्या मागास जिल्ह्यांमधून मुलं घ्यायची, मुलीही घ्यायच्या. सर म्हणाले होते, "अट नसती तर वाशिमले कोन आलं असतं?"

मुलाखतीच्या सकाळी एस.टी.त तू घाबरलेली होतीस. "मले पेपरातलं काई समजत नाही, मंगल. सरकार यायले काहून देते एवढं? सांग ना व."

मी सांगितलं. मोठ्या ऐटीत सांगितलं. म्हटलं, परदेशातले कारखाने शंभर वर्षांचे जुने. त्यांच्यापुढं आपला नवा कारखाना सोडला तर तो पहिल्याच वर्षी बसेल. म्हणून सुरुवातीची काही वर्षं हात द्यायचा. एक कारखाना उभा राहिला की त्याच्याभोवती रबरवाला येतो, काचवाला येतो, नटबोल्टवाला येतो. गाडी एक, पण पोटं हजार घरांची चालतात.

यादीत तुझं नाव आधी होतं. बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे चमकत होते. "मंगले, तेच इचारलं! तू सांगतलं ते जसंच्या तसं सांगून देल्लं. साहेब मान हालवत होता."

माझा नंबर आला. तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी तोच प्रश्न मलाही विचारला, सरकारनं कारखान्याला मदत का करावी? माझं उत्तर तर टेबलावर सांडलेलं होतं. तेच पुन्हा कसं सांगू? मी नकलाकार ठरले असते, माझ्याच बोलण्याची नकलाकार. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उलटं बोलले. म्हटलं, "नाही करावी, सर. आमच्या अनसिंगात लोहार आहे, तो वखराची लोखंडी पास करतो. त्याला कुणी जमीन देत नाही, वीज देत नाही. तुमच्याकडं आधीच एवढं आहे, तर तुम्हालाच कशाला?" साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

यादी लागली. चार पोरं आणि तू.

तू माझं उत्तर चोरलंस असं मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. मनात मात्र रोज म्हटलं. आणि त्या खोलीत जी बाजू मी रागानं धरली, ती आयुष्यभर सोडली नाही. तूही माझी आधीची बाजू घेऊन बसलीस. सोडायची कशी, दोघींनाही कळलं नाही.

तू गेलीस आणि गावात तुझं नाव 'गाडीवाली वंदना' पडलं. तू दारं बसवायचीस. लाइनीवर गाडीचा सांगाडा पुढं सरकत यायचा आणि तू त्याला दार लावायचीस. दार आणि सांगाडा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, एवढंच तुझं काम. पण तुझ्या तोंडून ऐकलं की वाटायचं, देशाचं सगळं काम त्या फटीतच आहे. दिवाळीला आलीस की तू काकूंच्या कपाटाची, शाळेच्या फाटकाची, एस.टी.ची, सगळ्यांची फट बघायचीस आणि तोंड वाकडं करायचीस. माझी आई कौतुकानं हसायची. मी घरात असताना आई कधी तशी हसल्याचं मला आठवत नाही.

मी इथंच राहिले. लग्न झालं. यांचं शेलूबाजारला हायवेच्या कडेला वर्कशॉप. पेरणीयंत्रं, ट्रॉल्या, वखर. पहिल्याच महिन्यात मी यांच्या हातातून वेल्डिंगची कांडी घेतली आणि यांनी ती परत मागितली नाही. आमच्या पेरणीयंत्राचं बी सारख्या अंतरावर पडतं, हे मालेगाव-रिसोडपर्यंतचे शेतकरी सांगतील. हे मी तुला मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगायचे. तू म्हणायचीस, "मले मालूम हाय व, तुहा हात." आणि मला वाटायचं, तू वरून बोलतेस.

एकदा तुझ्या कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना बोलावण्याचा दिवस होता. तू काकूंना नेलंस, भावाला नेलंस आणि मला नेलंस. फाटकावर नातं विचारलं तेव्हा म्हणालीस, "बहीण." मी तेव्हा ओशाळले आणि लगेच मला रागही आला, की हिला आता कुणालाही बहीण म्हणायचीसुद्धा चैन परवडते. आत गेल्यावर मी आधी जमीनच बघितली. एवढं स्वच्छ! जमिनीवर पिवळे पट्टे, वर दिवे, आणि त्या लांबलचक लाइनीवर तुझ्या हाताखाली पंधरा पोरी. तू नुसती मान वळवलीस की त्यांना कळायचं. मला तू एका गाडीजवळ नेलंस, हातमोजे दिलेस आणि म्हणालीस, "सांग, बरोबर हाय काय?"

मी बोट फिरवलं. म्हटलं, "वरच्या बिजागरीकडं थोडं जास्त आहे."

तुझ्या सुपरवायझरनं पट्टी लावून बघितलं. होतं. तू टाळी वाजवलीस आणि सगळ्या पोरींना ओरडून सांगितलंस, "पाह्यलं? म्या सांगतलं होतं ना!" त्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना तू माझ्याबद्दल काय सांगितलं होतंस, हे तेव्हा मला कळलं नाही. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी ताट तसंच ठेवून उठले. तुला वाटलं, प्रवासानं.

परत फाटकाकडं चालताना मी भांडण काढलं.

"हा रस्ता कोनं केला?"

"सरकारनं."

"हे पानी?"

"सरकारनं."

"अन् हे लाइटं?"

"सरकारनंच व. आता आभाळ कोनं आनलं ते बी इचार."

मला हसू आलं तरी मी सोडलं नाही. "आमी तीन वर्षं थ्री-फेजचं कनेक्शन मांगून राह्यलो. कारखान्यायच्या वसाहतीत एक शेड मांगून राह्यलो. आमाले काहून नाही?"

"तुमी नीट मांगत नाही."

"कसं मांगाव लागते?"

"मी दाखवतो," तू म्हणालीस. आणि दिवाळीच्या सुट्टीत खरंच आलीस माझ्यासोबत विजेच्या ऑफिसात. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. तीन वर्षं मला उभं ठेवणाऱ्या बाबूनं तुला खुर्ची दिली. तू अर्धा तास बोललीस. आमचं यंत्र काय करतं, किती गावांत जातं, वीज आली तर आणखी किती माणसं लागतील. हसत, चहा पीत. दोन महिन्यांनी कनेक्शन आलं. शेड नाही आली, पण वीज आली.

मी तुला धन्यवाद म्हटलं नाही. घरी यांना सांगितलं, "तसंही येणारच होतं." त्या विजेवर आमची मोठी ड्रिल मशीन चालते, आजही चालली. आज उशिरा म्हणते, वंदे, धन्यवाद. तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. पण तुला अर्ध्या तासात जे जमलं ते मला तीन वर्षांत जमलं नाही, हे गिळण्यातच माझा सगळा वेळ गेला.

आणि मग तो फोन.

या उन्हाळ्यातला. मी नांगराचा फाळ घासत होते, दुपारची वेळ. तू इकडचं तिकडचं विचारलंस आणि मग म्हणालीस, "मंगल, तुह्या वर्कशॉपात एखादी फिटर पायजे काय व?"

"कोन?"

"मी."

मला वाटलं, चेष्टा. वाटलं, एवढ्या उंचावरून हिला आता खाली वाकून बघायची हौस आली. मी म्हटलं, "आमच्या इथं ना युनिफॉर्म हाय ना कॅन्टीन. तुले नाई जमायचं, बाई. तुले सरकारी लाडाची सवय."

तू हसलीस. नेहमीसारखीच हसलीस गं, तेवढं मी पक्कं सांगते, कारण त्यानंतर मी ते हसू कितीतरी वेळा आठवून तपासलं. मग पाऊस कधी येतो म्हणतात, सोयाबीन लावणार की तूर, असं विचारलंस आणि फोन ठेवलास.

पोळ्याच्या आधी तू अनसिंगला आल्याचं कळलं. मी म्हटलं, सुट्टीवर आली असेल, येईल भेटायला. तू आली नाहीस, मीही गेले नाही. शेलूबाजारहून अनसिंग काही लांब नाही. तीन आठवडे मी वाट पाहिली, की गाडीवालीनं आधी यावं. मग काकूंचा फोन आला तो डेंग्यूचा, आणि मी अकोल्याला पोचले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडं गेलेली होतीस.

तुझी माती झाल्यावर त्या युनिफॉर्मवाल्या बाया तुमच्या ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांना चहा दिला. त्यांतली सारिका तुझ्याबद्दल बोलायला लागली. ती मंगरूळपीरकडची, तुझ्या हाताखाली सहा वर्षं होती. मी, तोंड माझं, म्हटलं, "कंपनीनं गाड्या दिल्या, बरं केलं."

सारिकानं कप खाली ठेवला. "कंपनी कोनती, ताई? आमी आमच्या गाड्या करून आलो. आमची लाइन तर होळीलेच बंद झाली."

"अन् हा युनिफॉर्म?"

"जुना हाय. वंदनाताईसाठी घातला."

होळीला. म्हणजे तुझा फोन आला तेव्हा तुला घरी बसून दोन-तीन महिने झाले होते. तू मला काम मागत होतीस, वंदे. खरोखर मागत होतीस.

सारिकानं सगळं सांगितलं. सरकारच्या सवलतीची वर्षं संपली. दुसऱ्या एका राज्यानं बॅटरीच्या गाड्यांसाठी नवी जमीन दिली, नव्या सवलती दिल्या, आणि कंपनीनं लाइन तिकडं उचलून नेली. सगळ्या रडत आपापल्या खोल्यांवर गेल्या. तू मात्र त्यांना गोळा करून कामगार कार्यालयात घेऊन गेलीस. एकदा नाही, चार वेळा. तिथल्या साहेबांपुढं तू काय बोललीस ते सारिकाला पाठ आहे. तिनं तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं.

"साहेब, मदत मांगताना कागदावर आमाले लिवलं होतं. मागास जिल्ह्याच्या एवढ्या पोरी घेऊ, असं लिवलं होतं. म्हंजे ते मदत आमच्या नावावर घेतली. द्याले नोको होती असं मी नाही म्हणत, तिच्यानंच माह्यं घर चाललं. पन आमचं नाव सांगून घेतली, तर जाताना आमाले इचाराव लागते का नाही?"

मी चहाची किटली खाली ठेवली. अठरा वर्षं मी म्हणत आले की मदत करू नये. तू म्हणत आलीस की करावी. दोन्ही उत्तरं माझीच होती, एक तुला दिलेलं आणि एक रागानं माझ्याकडं उरलेलं. आणि तू एकटीनं तिसरं शोधलंस, जे मला कधीच सुचलं नसतं. ते पेपरात आलेलं नव्हतं. ते तुला लाइनीवर उभं राहून सुचलं, आणि मी त्या लाइनीवर नव्हते. ओसरीवर सगळ्या रडत होत्या. मीही रडले. पण त्या रडण्यात किती दुःख होतं आणि किती जळफळाट, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

मग सारिका सहज म्हणाली, "तुमी मंगलताई ना? दाराची फट बोटानं सांगतली होती, त्याच ना? वंदनाताई हरेक नव्या पोरीले तुमची गोष्ट सांगत. म्हणत, माह्या मैत्रिणीचा हात माह्यापेक्षा लाखपट बेस, पन तिले घरच्यांनी पाठवलं नाही. नाही तर आज या जागी ते असती."

घरच्यांनी पाठवलं नाही. हे मी यादी लागल्याच्या संध्याकाळी गावात सांगितलं होतं. शेजारी सांगितलं, सासरी सांगितलं, यांनाही तेच सांगितलं. माझ्या वडिलांनी लोकांचे टोमणे ऐकून घेतले, पण मला खोटं पाडलं नाही. आणि खरं काय ते गावात घरच्यांशिवाय फक्त तुला ठाऊक होतं. मला वाटायचं, तिकडं तुझ्या मैत्रिणींत तू हसून सांगत असशील, की माझ्याच गावची एक होती, मुलाखतीत साहेबांशी भांडली. आणि तू माझं खोटं माझ्यापेक्षाही नेमानं सांभाळत होतीस.

त्या दिवशी मी सारिकाला खरं सांगितलं नाही. तिला म्हटलं, "दहाव्यापर्यंत राह्य. मग माह्याकडं शेलूबाजारला ये. वर्कशॉपात काम हाय." तुला जे म्हणायचं राहिलं ते तिला म्हटलं. त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं.

सारिका आज आली. पण काम मागायला नाही, सांगायला आली. कामगार कार्यालयात तू दिलेल्या अर्जाचं उत्तर आलंय, वंदे. दुसऱ्या राज्यातल्या त्या नव्या कारखान्यात पोरींना दारं बसवायला शिकवायला जुन्या बाया हव्यात. तुमच्यातल्या सहा जणींना बोलावलंय, राहायला जागा देणार आहेत. पहिलं नाव तुझं आहे. पत्र टपालात होतं तेव्हा तू दवाखान्यात होतीस. दुसरं नाव सारिकाचं.

मी तिला वर्कशॉप दाखवलं. तिनं पेरणीयंत्राच्या पेटीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि तुझ्यासारखंच तोंड वाकडं केलं. मग पाना मागून घेतला आणि बिजागरी सैल करून झाकण नीट बसवून दिलं. छान बसलं. माझ्यापेक्षा छान. मला तिचा हेवा वाटला. ती जातेय याचा वाटला, तिचं वय लहान आहे याचा वाटला. तेव्हा कळलं, की सरकार, कंपनी, सवलती, रस्ता, वीज, या सगळ्यांवर मी जे इतकी वर्षं बोलत होते, त्याच्या खाली एवढंच होतं. मला यायचं होतं गं. तुझ्या शेजारच्या सीटवर बसून, पुण्याच्या गाडीत.

दुपारी तिला सोडायला शेलूबाजारच्या स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. आम्ही लिंबाच्या सावलीत उभ्या होतो. ती म्हणाली, "ताई, एक इचारू? घरच्यांनी कायले अडवलं तुमाले तेव्हा? आजच्यासारखं असतं तर तुमी बी..."

"नाही अडवलं," मी म्हटलं. "माह्या बापानं तर न्यायले पत्र्याची पेटी बी घेऊन ठेवली होती. मले घेतलंच नाही, सारिका. मी मुलाखतीत नापास झाली. वंदना पास झाली."

अठरा वर्षांत पहिल्यांदा हे माझ्या तोंडून निघालं. सारिका गोंधळली. गाडी आली, लोक चढायला लागले, तरी ती पिशवी धरून तिथंच उभी राहिली.

"पन वंदनाताई तर दरवर्षी सांगत... हरेक पोरीले सांगत..."

"हो."

"म्हंजे त्या खोटं बोलत होत्या?"

"हो," मी म्हटलं. "माह्यासाठी."